वादळाचा हिशेब



वादळ म्हणजे काय, ते कोठे उठते, कसे फिरते, हे शाळेच्या भूगोलात असते, आणि माझे शिक्षक बंधुभगिनी ते मुलांना माझ्याहून चांगले समजावून देतात. मला आज बोलावयाचे आहे ते वादळ निघून गेल्यानंतरच्या हिशेबाविषयी. वादळ काही तासांत येते आणि जाते. हिशेब मात्र वर्षानुवर्षे चालतो. आणि माझा अनुभव विचाराल तर तो हिशेब बहुधा चुकतो. माणसांचाही चुकतो आणि पैशांचाही.

मी श्रीवर्धन तालुक्यातला. जन्म किनाऱ्यावरचा, नोकरी प्राथमिक शिक्षकाची. घरामागे नारळ-पोफळीची थोडीशी वाडी. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ आमच्या दिवेआगर-मुरुडच्या अंगाने जमिनीवर आले, तेव्हा मी घरीच होतो. त्या दिवसांत सारेच घरी होते म्हणा. साथीमुळे मुंबईचे चाकरमानी गावात येऊन राहिलेले, ज्या घरात एरवी दोन म्हातारी माणसे, तेथे दहा-बारा जण झोपत होते. दोन दिवस आधीपासून सूचना येत होत्या. होड्या किनाऱ्याला ओढून बांधल्या होत्या, बंदरात बावटा लागला होता, समुद्राला लागून असलेल्या घरांतली माणसे शाळेत आणून ठेवली होती. सकाळी वारा डोंगराकडून होता. दुपारी तो फिरला आणि समुद्राकडून आला. ताशी १०० ते ११० किलोमीटर, मध्येच झोत १२० चा, असे मागाहून हवामान खात्याने सांगितले. आम्हांला आकडा ठाऊक नव्हता. कौले एकामागून एक उडताना जो आवाज होतो तेवढाच आम्ही ऐकत होतो. आणि मधूनच, धप्प, असा एक जड आवाज. तो माड पडल्याचा. पहिले सात-आठ मी मोजले, पुढे मोजणे सोडले.

संध्याकाळी वारा उतरला. आळीतले सगळे बाहेर आले आणि प्रत्येकाने आधी माणसे मोजली. सगळी होती. एकाच्या खांद्याला पत्रा लागला होता, तेवढेच. आमच्या शेजारच्या काकी ओटीवर बसल्या होत्या. मी म्हटले, “काकी, देवाची कृपा, माणसे वाचली.” त्या म्हणाल्या, “वाचली हो मास्तर. आता ती खाणार काय, ते सांगा.”

त्यांच्या मागे पाहिले तर आकाश दिसत होते. त्यांच्या वाडीत उभे राहून आकाश दिसते, हे मी जन्मात प्रथम पाहत होतो.

काकींचा तो प्रश्न घेऊनच आजचे बोलणे आहे. पण आधी माणसांचा हिशेब पाहू, कारण तो पहिला.

आपल्याकडे ज्याला चक्रीवादळ म्हणतात त्यालाच अमेरिकेच्या अंगाला हरिकेन म्हणतात आणि चीन-जपानकडे टायफून. जात एकच. ‘सायक्लोन’ हा शब्द तर आपल्या कलकत्त्यातच घडला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने सापाच्या वेटोळ्यावरून तो काढला आणि १८४८ साली आपल्या ग्रंथात वापरला. समुद्राचे पाणी चांगले तापलेले असले, म्हणजे २६-२७ अंशांच्या वर, की त्याच्या वाफेवर हे वेटोळे पोसते. जमिनीवर आले की त्याचे अन्न तुटते आणि ते मरते. म्हणून वादळाचा सारा मार किनाऱ्याला आणि किनाऱ्यामागच्या थोड्या पट्ट्याला.

लोकांना वाटते की वादळात माणसे वाऱ्याने मरतात. वाऱ्यानेही मरतात, पण मोठा संहार करते ते पाणी. वादळाबरोबर समुद्र फुगतो आणि भिंतीसारखा आत चालून येतो. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, भोला बेटाच्या परिसरात असे पाणी चढले. बंगालचा उपसागर वरच्या टोकाला निमुळता आणि उथळ, त्यातून भरतीची वेळ आणि रात्र. तीन लाख ते पाच लाख माणसे गेली असे मानतात. आता या आकड्यापाशी जरा थांबा. तीन लाख की पाच लाख? मध्ये दोन लाखांचे अंतर आहे. दोन लाख माणसे होती की नव्हती हे सांगता येत नाही, कारण ज्यांनी सांगावयाचे तेही त्याच पाण्यात गेले, आणि जी बेटे वाहून गेली त्यांवर हंगामाला मजुरीसाठी आलेल्यांची नावे कोणत्याच कागदावर नव्हती. मोजणाराच उरला नाही तर मोजणी कोण करणार?

आपल्याकडे ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ रोजी पारादीपजवळ जे महावादळ आले त्यात सुमारे दहा हजार माणसे दगावली. वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या वर. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्र कित्येक किलोमीटर आत आला. चार लाखांवर गुरे मेली. ज्या शेतकऱ्याचे बैल गेले, त्याची जमीन खाऱ्या पाण्याने भिजली आणि घरही गेले, त्याला जिवंत राहिलेल्यांत मोजतात. मोजावे हे बरोबरच आहे. पण तो कसा जिवंत राहिला, याचा रकाना कोठल्याही तक्त्यात नसतो.

आता पुढची गोष्ट ऐका, ती मन सुखावणारी आहे. त्याच ओडिशात १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले. तेही फार मोठे. या वेळी जवळजवळ दहा लाख माणसे आधीच हलविली होती. मृत्यू पन्नासाच्या आत. ३ मे २०१९ रोजी पुरीला ‘फनी’ आले. १२ लाख माणसे हलविली, ओडिशात ६४ गेली. दहा हजारांवरून साठ-सत्तरावर! वादळे काही मऊ झाली नव्हती. माणसे शहाणी झाली होती. १९९९ नंतर त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर खांबांवर उचललेले पक्के निवारे बांधले, प्रत्येक गावात कोणी कोणाला हाक मारावयाची हे ठरविले. म्हातारी माणसे, गरोदर बाया, पांगळे यांच्या याद्या आधीच तयार केल्या.

बांगलादेशाने तर हे काम १९७२ सालीच हाती घेतले. गावोगाव स्वयंसेवक नेमले. त्यांच्या हाती एक ट्रान्झिस्टर, एक कर्णा आणि बावटे. रेडिओवर सूचना आली की स्वयंसेवकाने गावभर फिरून ओरडायचे, बावटे लावायचे. आज असे ७० हजारांच्या वर स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. स्त्रिया का? तर १९९१ सालच्या वादळात तेथे सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली आणि तरुण वयाच्या मृतांत पुरुषांच्या मानाने बायका कितीतरी अधिक निघाल्या. लेकरे कडेवर, साडी पायांत, पोहता येत नाही, आणि घरधनी आल्याशिवाय घर सोडायचे कसे, ही अडचण. पुरुषाने बाहेरून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. बाईने दारात येऊन सांगितले की बाई निघते. ही साधी गोष्ट कळावयास एवढे जीव गेले.

मी रेडिओवरून बोलतो आहे म्हणून रेडिओची भलावण करतो असे समजू नका. पण आमच्याकडे ‘निसर्ग’ आले त्या दुपारपासून वीज गेली, मोबाईलचे मनोरे पडले, आणि पुढे कित्येक दिवस आळीत बाहेरची बातमी आणणारी वस्तू म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळचा सेलवर चालणारा संच होता. सेल मात्र जुने होते. संध्याकाळी पाच मिनिटे लावायचा आणि बंद करायचा. घरात दोन सेल जास्तीचे ठेवावेत, एवढेच सुचवितो.

सूचना येऊनही ऐकली नाही तर काय होते, याचा दाखला आपल्याच समुद्रात आहे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ कोकण किनाऱ्याजवळून वर गुजरातेकडे गेले. मच्छीमार परतले होते. सूचना तर कैक दिवस आधीपासून होती. तरीही मुंबईबाहेर तेलाच्या क्षेत्रात माणसांनी भरलेला एक तराफा, पी-३०५ म्हणतात तो, जागीच राहिला, त्याचे नांगर तुटले आणि तो बुडाला. वर २६१ माणसे होती. नौदलाने भर वादळात त्यांतली १८० हून अधिक वाचविली, सत्तरच्या वर गेली. त्या माणसांना वादळ येत असल्याचे ठाऊक नव्हते असे नाही. निघावयाचे की राहावयाचे हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. मला तर वाटते, मृत्यूच्या हिशेबात हाही एक रकाना असावा.

बरे, वादळ ओसरले, मृतांचा आकडा छापून आला, म्हणजे माणसांचा हिशेब मिटला का? नाही. २० सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटावर ‘मारिया’ वादळ आले. सरकारी आकडा जाहीर झाला ६४. बेटावरील वीज गेली ती काही भागांत महिनोन्‌महिने आली नाही. रस्ते तुटले होते. ज्यांना यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे, ज्यांना प्राणवायूचे यंत्र लागे, ज्यांचे औषध थंड जागी ठेवावे लागे, ते एकेक करून गेले. ते वाऱ्याने मेले नाहीत आणि पाण्यानेही मेले नाहीत. दाखल्यावर हृदयविकार, मधुमेह असे काहीतरी लिहिले गेले. पुढे एका विद्यापीठाने त्या महिन्यांतले मृत्यू एरवीच्या वर्षांशी ताडून पाहिले, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारनेच आपला आकडा बदलून २,९७५ केला. कोठे ६४ आणि कोठे २,९७५!

हे ऐकल्यापासून मी आमच्या गावचा विचार करतो. आमच्याकडे वादळात मृत्यू फार थोडे, साऱ्या राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे. पण वादळानंतर घरावरचे पत्रे चढविताना घसरून पडलेले लोक, ओल्या भिंतीत पावसाळा काढलेली म्हातारी माणसे, यांची नोंद कोण ठेवतो? ३ जूनला वादळ आणि मागोमाग मृगाचा पाऊस. आगोटीची सारी बेगमी, तांदूळ, सुकी मासळी, सरपण, घरात भरून ठेवलेली, आणि घरावर छप्पर नाही. पत्रे मिळत नव्हते. जे मिळत होते ते चढ्या भावाने.

आता पैशांकडे वळू. तेथे तर गोंधळ याहून मोठा.

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत ‘कॅटरिना’ वादळाने न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि शहर बुडाले. नुकसान १२,५०० कोटी डॉलर. मृत्यू, मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे, चौदाशे ते अठराशे, आणि त्यांत म्हातारी माणसे फार. मे २००८ मध्ये म्यानमारात ‘नर्गिस’ आले. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. नुकसान सुमारे ४०० कोटी डॉलर. म्हणजे जेथे शंभरपट माणसे गेली, तेथे नुकसान तीसपटीने कमी! असे कसे? तर पैशाचा काटा वस्तूंची किंमत तोलतो. ज्याच्या घराची किंमत मोठी, त्याचे नुकसान मोठे. इरावतीच्या मुखाशी असलेल्या भातशेतकऱ्याची झोपडी, एक होडी, दोन म्हशी आणि बियाण्याचे भात, यांची किंमत डॉलरांत किती भरणार? पण त्याचे गेले ते सर्व गेले. न्यू ऑर्लिन्समध्ये पुष्कळांचा विमा होता. गरिबांचा तेथेही नव्हता, ही गोष्ट वेगळी. तेव्हा वर्तमानपत्रात ‘अमुक कोटींची हानी’ असे वाचाल, तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की मोठा आकडा म्हणजे मोठे दुःख असा त्याचा अर्थ नव्हे.

‘फनी’ वादळानंतर ओडिशात हिशेबाची एक बरी रीत वापरली. त्यांनी दोन रकाने केले. एक हानी, म्हणजे मोडले-पडले त्याची किंमत. दुसरा तोटा, म्हणजे ते मोडल्यामुळे पुढे जी मिळकत बुडणार, जो जास्तीचा खर्च होणार, त्याची किंमत. दोन्ही मिळून सुमारे २४ हजार कोटी रुपये भरले. माणसे वाचविता आली, मालमत्ता वाचविता आली नाही. हा दुसरा रकाना, तोट्याचा, आमच्या कोकणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तो का, ते सांगतो, आणि त्यासाठी पुन्हा काकींच्या वाडीत जाऊ.

कोकणातली वाडी हेक्टरांत मोजत नाहीत, झाडांत मोजतात. कोणी विचारले, “तुमची वाडी केवढी?” तर उत्तर येते, “शंभर पोफळी, दहा माड.” जमीन असते आठ गुंठे, दहा गुंठे. वर माड, त्याच्या सावलीत पोफळ, पोफळीवर मिरीची वेल, खाली जायफळ, केळी, अळू. एकावर एक चार मजले. सरकारी मदत मात्र मूळ नियमाने हेक्टरी. ‘निसर्ग’ नंतर राज्य सरकारने दर वाढविले, बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये केले. वाढ चांगलीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिक्षक मंडळींनो, हे गणित फळ्यावर मांडून पाहा. हेक्टर म्हणजे ढोबळ मानाने शंभर गुंठे. मग दहा गुंठ्यांना किती? पाच हजार. त्या पाच हजारांत पडलेल्या झाडांची तोड आणि उचलसुद्धा होत नव्हती. एकेक माड कापून बाहेर काढावयास माणसे आणि करवत मिळेना. पुष्कळ ओरड झाली, ती सरकारच्या कानी गेली, आणि मग झाडावर मदत ठरली. पोफळीला ५० रुपये, माडाला २५० रुपये. शंभर पोफळींचे पाच हजार, दहा माडांचे अडीच हजार, एकूण साडेसात हजार.

मी हे उदाहरण शाळा पुन्हा उघडल्यावर पाचवीच्या मुलांना घातले होते. एक माड वर्षाला ७० नारळ देतो. नवा माड लावला तर ७ वर्षांनी फळ धरतो. तर एक माड पडल्याने किती नारळ बुडाले? मुलांनी झटकन सांगितले, “गुरुजी, ४९०.” मग म्हटले, २५० रुपयांत नारळ किती येतात? त्या वर्षीच्या भावाने पंधरा-वीस. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, आणि झावळ्या?” बरोबर होते त्याचे. झाप, खराटे, शेंड्या, करवंट्या, चुलीचे सरपण, हे मी धरलेच नव्हते. एक मुलगी म्हणाली, “सात वर्षे पाणी पण घालायला लागेल.” तिच्या घरी ते काम तिच्या आईकडे होते, म्हणून तिला सुचले. त्या दिवशी गणित काही सुटले नाही. नवे रकाने मात्र वाढत गेले.

पोफळीचे आणखी एक आहे. ती सावलीत वाढलेली असते. वरचा माड पडला की पश्चिमेचे ऊन थेट तिच्या खोडावर येते आणि खोड भाजते. वादळात उभ्या राहिलेल्या पोफळी पुढच्या उन्हाळ्यात तशा भाजून गेलेल्या मी पाहिल्या. पंचनाम्याच्या वेळी त्या उभ्या होत्या. पंचनाम्यात जे पडले ते लिहितात, जे पुढे मरणार ते कसे लिहिणार?

आणि ज्यांची वाडी नव्हती त्यांचे काय? माडा-पोफळीवर चढणारे गडी, सुपारी सोलणाऱ्या बाया, शिंपण्याला येणारे मजूर. त्यांच्या नावे झाड नाही, गुंठा नाही. नियमाप्रमाणे त्यांचे घर पडले असेल तर घराचे पैसे मिळाले, पण गेलेल्या कामाचा पंचनामा होत नाही. आमच्याकडे चढणारे एक कसबी गृहस्थ होते. वर्षभरात ते मुंबईला एका इमारतीवर पहारेकरी म्हणून गेले. त्यांच्या हातचा धंदा त्यांच्या मुलाकडे गेला नाही.

ज्यांची वाडी होती त्यांनाही पैसे सुखाने मिळाले असे नाही, आणि येथे दोष वादळाचा नव्हता. काकींच्या सातबाऱ्यावर आठ नावे. सामाईक. एक दीर मुंबईला, एक पुतण्या पुण्याला, एका नणंदेचा पत्ता नाही, दोघे वारले त्यांची वारसनोंद नाही. मदत कोणाच्या खात्यात घालायची? सर्वांची संमतीपत्रे आणा. त्या काळात गाडी नाही, कचेऱ्या अर्ध्या बंद. काकी म्हणाल्या, “भाऊसाहेब, तीस वर्षं पाणी मी घातलं, ते काय सातबाऱ्याला दिसत नाही?” तलाठी भला माणूस, मान खाली घालून म्हणाला, “काकी, मला दिसतंय हो. कागदाला दिसत नाही.”

तेव्हा किनाऱ्यावरच्या माझ्या बांधवांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. वादळ यायच्या आधी वारसनोंदी करून घ्या, आणि भाऊबंदांशी बोलणे आहे तोवर वाटण्या कागदावर आणा. वाडीतल्या झाडांची नोंद सातबाऱ्यावर पीकपाहणीत आहे की नाही ते पाहा. २०२१ पासून ती नोंद शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाईलवरून करता येऊ लागली. ज्याला जमत नाही त्याला गावातल्या शाळकरी मुलांनी करून द्यावी, त्यांना ते आपल्याहून लवकर समजते. आणि एक साधी वही करा. माड किती, पोफळी किती, कोणत्या वयाच्या, गेल्या साली किती उतरले. घराचे, वाडीचे, गोठ्याचे दोन-चार फोटो काढून मुंबईच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा, म्हणजे येथले भिजले तरी तेथले राहील.

कोणी म्हणेल, आपल्या अरबी समुद्रात वादळे ती कितीशी येतात? पूर्वी खरेच थोडी येत. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईला मोठे वादळ झाले, त्याच्या गोष्टी आमचे वडील सांगत. मग आम्ही २००९ च्या नोव्हेंबरातले ‘फयान’ पाहिले, त्यात कोकणातले मच्छीमार गेले. पुढे २०२० चे ‘निसर्ग’ आणि लगेच २०२१ चे ‘तौक्ते’. दोन वर्षांत दोन. अरबी समुद्राचे पाणी तापत चालले आहे आणि तेथील वादळांची संख्या व जोर दोन्ही वाढले आहेत, असे पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी मागच्या काही दशकांच्या नोंदींवरून दाखविले आहे. तेव्हा ही वही रिकामी राहील या भरवशावर राहू नये. शिक्षकांनी तर गावाचीच एक वही शाळेत ठेवावी. वादळाची तारीख, पाणी कोठवर आले, कोणाचे काय गेले, आणि वर्षाने, तीन वर्षांनी, सात वर्षांनी त्याच घरी पुन्हा जाऊन विचारावे. मुलांना भूगोल, गणित आणि मराठी तिन्ही त्यात मिळते. आमच्या शाळेतली वही मी निवृत्त होताना नव्या बाईंच्या हाती दिली आहे.

काकींचे सांगून थांबतो. त्यांनी त्याच पावसाळ्यात साठ पोफळी आणि सहा माड पुन्हा लावले. मी म्हटले, “काकी, तुमचे वय काय, आणि माड फळणार कधी?” त्या म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही बी लावा, मग विचारा.” सावलीसाठी त्यांनी मधून केळी घातल्या होत्या. केळींचे पैसे दुसऱ्या वर्षी आले. साठांतल्या चौदा पोफळी उन्हाने आणि एक डुकराने गेली. त्यांची वही नातीच्या हस्ताक्षरात आहे. तिच्यात प्रत्येक झाडाला नंबर आहे आणि गेलेल्या झाडापुढे तारीख.